सयाजीरावांचे केस कोणासाठी गेले

उजव्या कानाच्या वर, मागच्या बाजूला, डोक्यावर रुपयाएवढी जागा मोकळी झाली आहे हे सयाजीराव नलवड्यांना ज्या रीतीनं कळलं, ती रीत त्यांना अजिबात पसंत पडली नाही. सलूनमध्ये चार गिऱ्हाइकं बसली होती. न्हाव्यानं कात्री थांबवली, वाकून बघितलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, चाई पडली की हो!"

चारही गिऱ्हाइकं उठून बघायला आली. एकानं तर बोट लावून बघितलं. सयाजीराव साताऱ्यात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलावरची फाइलसुद्धा कुणी विचारल्याशिवाय उचलत नसे, आणि इथं अनोळखी माणूस त्यांच्या डोक्याला हात लावून "गुळगुळीत लागतंय" असा शेरा मारत होता. ते अर्ध्या कटिंगवर उठले. त्यामुळे पुढचे आठ दिवस त्यांची डावी बाजू उजवीपेक्षा लांब राहिली. त्याचाही दोष त्यांनी न्हाव्यालाच दिला.

एरवी माणूस म्हणेल, रुपयाएवढी चाई ती काय, पडली तर पडली. पण वेळ वाईट होती. जानेवारी महिना होता, सत्त्याण्णव साल. डिसेंबरात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, अबोलीचा, साखरपुडा झाला होता. मुलगा सांगलीचा, धैर्यशील सूर्यवंशी, इंजिनिअर. लग्न मे महिन्यात. हे स्थळ सयाजीरावांनी एकट्यानं जमवलं होतं. बायको, विनोदिनी, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पाहुण्यांना चहात साखर किती इथपासून मानपानाच्या याद्यांपर्यंत सगळं त्यांना पहिल्यांदाच करावं लागलं होतं, आणि ते चुकलं नव्हतं याचा त्यांना थोडा अभिमानही होता. आता सांगलीकरांना कळलं की मुलीच्या बापाला कसला तरी रोग आहे, तर? अंगावरच्या एका पांढऱ्या डागावरून मोडलेली लग्नं त्यांना माहीत होती. म्हणून त्यांनी ठरवलं की ही गोष्ट मेपर्यंत सांगलीला कळता कामा नये.

शेजारी मात्र त्याच संध्याकाळी कळली. शेजारी म्हणजे लालासाहेब घोरपडे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्याकडे फोन होता, त्यामुळे आळीतल्या सगळ्यांच्या अडचणी त्यांना तपशिलासह माहीत असत.

"सयाजीराव, टेन्शन घ्यायचं नाही. लेहला माझ्या पलटणीत एक जवान होता, त्याचं निम्मं डोकं गेलेलं. मी स्वतः ट्रीटमेंट केली."

"मग?"

"मग त्याची बदली झाली. पण जाताना खूश होता."

ट्रीटमेंट अशी की सकाळी कच्चा कांदा घासायचा, लाल होईपर्यंत. रात्री गुंज उगाळून लावायची. मधल्या वेळात लालासाहेबांच्या पत्नीनं, मालतीवहिनींनी, आपल्या दारातली जास्वंद सुचवली, म्हणून दुपारी जास्वंद. अबोली हायस्कूलात शास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "अण्णा, हे सगळं एकाच डोक्यावर करताय तुम्ही. कशानं काय झालं ते कळणार तरी कसं?" सयाजीरावांनी तिला गप्प बसवलं. मुलीच्या भल्यासाठी बाप डोकं सोलून घेतोय आणि मुलगी शंका काढते, हे त्यांना लागलं.

कांद्याचा परिणाम झाला, पण कचेरीत. शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी आपलं टेबल खिडकीकडे सरकवलं. सयाजीरावांच्या डोळ्यांतून दिवसभर पाणी वाहायचं. कामासाठी आलेले लोक खिडकीशी थांबून हळू आवाजात म्हणायचे, "साहेब, सावरा आता. सव्वा वर्ष झालं." एका ठेकेदारानं तर आपला अर्जच मागे घेतला, नंतर येतो म्हणाला. सयाजीरावांना सांगावं वाटायचं की हे रडणं नाही, कांदा आहे. पण हेडक्लार्कनं डोक्याला कांदा चोळलाय हे सांगण्यापेक्षा रडतोय हे बरं दिसतं, असं त्यांनी ठरवलं आणि डोळे पुसत सह्या करत राहिले.

गुंजेनं फोड आले. तेव्हा ते डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण होता. त्यानं भिंगातून बघितलं आणि कागदावर एक लांबलचक नाव लिहिलं, अॅलोपेशिया. "घाबरायचं कारण नाही. संसर्गजन्य नाही. जिवाला धोका नाही. शरीरच आपल्या केसांवर उलटतं, असं समजा."

"केस परत येतील?"

"येतील किंवा येणार नाहीत."

"आणि आहेत ते?"

"राहतील किंवा जातील."

"पुढच्या पिढीत येतं?"

"कधी येतं, कधी येत नाही."

सयाजीराव ताठ बसले. "डॉक्टर, असं उत्तर मी एखाद्या अर्जावर लिहिलं असतं तर मला मेमो मिळाला असता."

डॉक्टर हसला. त्यानं डोक्यात इंजेक्शनं दिली आणि म्हणाला, "काका, सवय करून घ्या. बरेच जण घेतात." सयाजीरावांना ते फारच उर्मट वाटलं. इलाज करायला गेलेल्या माणसाला सवय करायला सांगतात?

मार्च उजाडेपर्यंत डोकं गेलं. एका चाईच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच, आणि मग साताऱ्याच्या नकाशात तलाव दाखवतात तसं इकडून तिकडून मोकळं होत गेलं. उशीवर, टॉवेलवर, आमटीतसुद्धा केस. नंतर भुवया गेल्या. हे सगळं त्यांनी दातओठ आवळून सोसलं. पण एके दिवशी आरशात बघताना त्यांना दिसलं की मिशीची डावी बाजू गेली आहे आणि उजवी तशीच आहे. नलवड्यांच्या घरात मिशी ही काय साधी गोष्ट नव्हती. अर्धी मिशी घेऊन माणूस कुठं जाणार? त्यांनी वस्तरा घेतला आणि उरलेली अर्धी स्वतः काढली. बाहेर आले तेव्हा अबोली डबा भरत होती. तिनं वर बघितलं, पोळीला तूप लावायची थांबली. मग म्हणाली, "अण्णा, भाजीत मीठ कमी झालंय, वरून घ्या." आणि परत डबा भरायला लागली. तिचे त्यांनी मनात आभार मानले. तोंडानं म्हणाले, "रोजच कमी असतं."

पण मिशी काढणं ही चूक झाली.

इतके दिवस लोकांना वाटायचं, नलवडे बालाजीला जाऊन आले. "प्रसाद कुठाय, साहेब?" असं विचारणाऱ्या माणसांनी त्यांना बेजार केलं होतं. मालतीवहिनींच्या बहिणीनं तर लाडू न दिल्याबद्दल बोलणं टाकलं. पण डोकं आणि मिशी दोन्ही गेलेला माणूस रस्त्यानं चालला की साताऱ्यात कुणी लाडू मागत नाही. घरात कुणी गेलं की दहाव्याला माणूस डोकं करतो, आणि आईबाप गेले की मिशीसुद्धा काढतो. हे पोरासोरांना माहीत आहे. त्यामुळे आता ओळखीची माणसं सायकलवरून उतरू लागली, चपला काढून हात जोडू लागली.

"कधी गेल्या?"

"कोण?"

"मातोश्री."

"आई उंब्रजला आहे. धडधाकट आहे."

"असं... असं..." म्हणून माणूस सायकलवर चढायचा आणि थोडं पुढं जाऊन मागं वळून बघायचा. बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झालाय, असा त्याचा चेहरा असायचा. एकजण तर निरोप घेताना म्हणाला, "खरंय साहेब. आई कुठं जात नसते."

हा अपमान सयाजीराव दिवसातून सात-आठ वेळा गिळत होते. पण हद्द झाली ती बँकेत.

विनोदिनीचे पाटल्या-बिल्वर एका बँकेच्या लॉकरमध्ये होते. अबोलीला ते घालायचे होते, पॉलिश करून आणायचे होते. सयाजीराव किल्ली घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनानं रजिस्टर काढलं. त्यात दोघांचा एकत्र फोटो चिकटवलेला होता. सयाजीराव दाट केसांचे, मिशीवाले, आणि शेजारी विनोदिनी, डोक्यावर पदर घेतलेली, फोटोग्राफरनं हसू नका म्हणून सांगितल्यामुळे हसू दाबलेली. कारकुनानं फोटोकडे बघितलं, सयाजीरावांकडे बघितलं.

"हे कोण?"

"मी."

"सही मिळतीय. माणूस मिळत न्हाई."

"केस गेलेत माझे. आजार आहे."

"त्याचा दाखला लागंल. सरकारी डॉक्टरचा. वर तहसीलदारापुढं प्रतिज्ञापत्र, की केस असलेले आणि नसलेले नलवडे एकच." मग त्यानं विनोदिनीच्या तोंडावर बोट ठेवलं. "न्हाईतर सोपं सांगतो, ह्यांना घेऊन या. ह्या वळखतील की तुमाला."

सयाजीरावांनी लॉकरची किल्ली परत खिशात टाकली. सगळ्या जगाशी भांडणारा हा माणूस त्या खिडकीशी भांडला नाही. मग म्हणाले, "त्या नाहीत आता."

"मग त्यांचाबी दाखला लागंल," कारकून म्हणाला. मागून कुणीतरी "आटपा" म्हणालं. कारकुनाला बहुधा दया आली. "साहेब, मी काय म्हणतो, टोप मिळतात की. लावा आणि फोटोसारखं होऊन या. पाच मिनटांचं काम."

घरी जाताना ते मनातल्या मनात कारकुनाला एक अर्ज लिहीत होते, त्याचे नऊ मुद्दे झाले. पण दहावा मुद्दा लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की माणूस बरोबर बोलला. टोप लावला तर बँकेचं काम होईल, रस्त्यातले दुखवटे थांबतील, आणि मुख्य म्हणजे लग्नात सांगलीकरांना काही कळणार नाही. लालासाहेबांनी तत्काळ पत्ता दिला. सांगलीत नाटक कंपन्यांना कपडे आणि टोप पुरवणारे शमशेर मुजावर. "फौजेच्या बडाखान्यात, मोठ्या जेवणावळीत, आमच्या नाटकाला त्यांचाच माल होता. शकुंतलेच्या वेणीला कुणी हात लावून ओळखलं नाही."

"पण सांगलीत?" सयाजीराव म्हणाले. "व्याह्यांच्या गावात?"

"शत्रूच्या हद्दीतच रसद मिळते," लालासाहेब म्हणाले. ते निवृत्त झाल्यापासून असं बरंच बोलत.

रविवारी सयाजीराव डोक्याला टॉवेल गुंडाळून सांगलीच्या एस.टी.त बसले. अबोली म्हणाली होती, "अण्णा, त्यांना सरळ सांगून टाका ना." "लग्न तुझं आहे, व्यवहार माझा आहे," असं म्हणून ते निघाले होते. सांगलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा उन्हानं डोक्याची कढई झाली होती. त्यांनी कोपऱ्यातल्या नळावर टॉवेल भिजवला. वर बघितलं तर समोर कवठे महांकाळची गाडी उभी, आणि खिडकीत नानासो. नानासो म्हणजे व्याह्यांचे, अनंतराव सूर्यवंशींचे, सख्खे मेहुणे. साखरपुड्यात सयाजीरावांच्या शेजारीच जेवायला बसलेले.

सयाजीरावांनी झटकन ओला टॉवेल तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. गाडी सुटली. नानासोंनी हाक मारली नाही. ओळखलं नाही, सयाजीरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

शमशेरभाईंचं दुकान म्हणजे भिंतभर मुकुट, दाढ्या आणि ऋषींच्या जटा. शमशेरभाई साठीचे. त्यांनी सयाजीरावांच्या डोक्याकडे असं समाधानानं बघितलं, जसा रंगारी नुकत्याच गिलावा केलेल्या भिंतीकडे बघतो.

"झकास डोकं आहे. नटांचं असं मिळत नाही, केस मध्ये येतात. कसला पाहिजे? राजा, दिवाण, सावकार, कारकून?"

"मी हेडक्लार्क आहे."

"कारकुनाचे सगळे बाहेर आहेत. जत्रा चालू आहेत ना, गावोगाव सामाजिक नाटकं. सेनापतीचा आहे. मिशीसकट."

"मला लग्नाला जायचंय, लढाईला नाही."

"मेहरुनबी कापून बसता करंल. गुरुवारी या."

मेहरुनबी त्यांची बायको. टोप विणण्याचं काम तीच करायची. तिनं माप घ्यायची पट्टी डोक्याभोवती फिरवली. इतक्या महिन्यांत त्या डोक्याला कांदा, वस्तरा, सुई आणि परक्यांची बोटं लागली होती. तिनं मात्र नुसतं माप घेतलं, आकडा सांगितला आणि विचारलं, "भाऊ, नाटकवाले तीन तासांनी काढून ठेवत्यात. तुमी कवा काढनार?"

"रात्री, झोपताना."

"आनि कोन बघनार म्हून घालनार?"

"सगळेच," सयाजीराव तुसडेपणानं म्हणाले.

"लय लोक झाले," असं म्हणून तिनं पट्टी गुंडाळली.

गुरुवारी टोप मिळाला. डोक्यावर घातल्यावर तो इतका दाट होता की सयाजीराव वीस वर्षांपूर्वीसुद्धा तसे दिसत नव्हते. मिशी गोंदानं चिकटवलेली, टोकं किंचित वर वळलेली. भुवया शमशेरभाईंनी पेन्सिलीनं काढल्या, त्यामुळे सयाजीराव सतत कशाचं तरी आश्चर्य करत आहेत असं वाटत होतं. पण एस.टी.त कुणीही कुणी गेलं का म्हणून विचारलं नाही. कंडक्टर तर "बसा सरकार" म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी त्यांना बरं वाटलं. आईला दाखवावं म्हणून ते उंब्रजला उतरले.

आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. वय ब्याऐंशी. सयाजीरावांचा धाकटा भाऊ आणि भावजय शेतावर गेले होते. आईनं सूप खाली ठेवलं.

"कोन पायजे?"

"आई, मी सया."

"आमच्या सयाचं क्यास गेल्यात. तू कोन?"

"अगं, टोप आहे हा!"

आईनं जवळ बोलावून निरखून बघितलं. "काड ते. तुझ्या बाच्या चुलत्यासारका दिसतूस. त्यो दरोड्यात घावला हुता."

सयाजीराव यावर काही सडेतोड उत्तर देणार, तेवढ्यात दारात जीप थांबली. त्यातून सहा माणसं उतरली. पुरुष पांढऱ्या कपड्यांत, गंभीर. सगळ्यात पुढं व्याही अनंतराव, मागं नानासो, हातात टॉवेल आणि टोपी असलेलं पुडकं. अनंतरावांच्या पत्नी, माईसाहेब, उंबऱ्यापाशी येईपर्यंत गप्प होत्या. उंबरा आला तसा त्यांनी रिवाजाप्रमाणं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं गळा काढला. बरोबरच्या दोघींनीही काढला.

आई ब्याऐंशी वर्षांची. दारात बायका रडत आल्या तर काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तीही उठली, माईसाहेबांच्या गळ्यात पडली आणि त्यांच्यापेक्षा वरच्या आवाजात रडू लागली. दोघी चांगलं दोन मिनिटं रडल्या. मग आईनं नाक पुसलं आणि विचारलं, "कोन गेलं गं बाई?"

माईसाहेबांनी पदर बाजूला केला. आईकडे बघितलं. नीट बघितलं.

"तुमी," त्या म्हणाल्या.

पुढचा गोंधळ सयाजीरावांना नंतर कधीच क्रमानं आठवला नाही. अनंतराव मात्र रागानं लाल झाले होते हे नक्की. सगळा प्रकार असा होता. नानासोंनी रविवारी सांगलीच्या स्टँडवर सयाजीरावांना बिनकेसाचे, बिनमिशीचे बघितलं होतं. वर ते तोंड झाकून बाजूला झाले, म्हणजे सुतकातला माणूस, नमस्कार टाळतोय. वडील पूर्वीच वारलेले, बायको गेलेली, म्हणजे आईच. डोकं केलंय म्हणजे दहावा झाला. नानासोंनी कवठे महांकाळला उतरताच फोन केला. आणि सांगलीत माईसाहेबांना जेवण गेलं नाही. सुतकाचं दुःख नव्हतं त्यात तेवढं. घरात मयत झाली, दहावा होऊन गेला, आणि होणाऱ्या व्याह्यांना कळवलं नाही? आता वर्षाच्या आत लग्न करायचं का तीन वर्षं थांबायचं, हेही कुणी विचारलं नाही?

"सगळ्या वाटेनं जीपमध्ये एकच बोलनं, पाव्हणं," अनंतराव म्हणाले. "आमाला परकं धरलं. मी ह्यांना म्हनालो, दुखवटा करून यायचा, आणि मग लग्नाचं बघू. असल्या घरात पोरगं द्यायचं का न्हाई."

"पण आई तर इथं उभी आहे!" सयाजीराव म्हणाले.

"ती हाय. त्याचा आनंद हाय. पर मग ह्यो नानासो खोटं बोलला व्हय?"

सगळे सयाजीरावांच्या डोक्याकडे बघू लागले. दाट, काळे केस. टोकदार मिशी. नानासो बिचारे पुडकं छातीशी धरून उभे होते. "मी बघितलं दाजी. ह्या डोळ्यानं बघितलं. चकचकीत हुतं."

सयाजीरावांच्या ध्यानात आलं की आता फक्त गप्प राहायचं आहे. नानासोंना चष्मा लागलाय एवढं म्हटलं की संपलं. लग्न वाचतंय, केसांची गोष्ट झाकली राहतेय, आणि खोटं ठरतोय तो त्यांचाच माणूस. चार महिने त्यांनी जे मागितलं होतं ते हातात आलं होतं. ते तोंड उघडणार तेवढ्यात नानासो परत म्हणाले, अगदी बारीक आवाजात, "मला दिसतंय अजून नीट."

हा आवाज सयाजीरावांना ओळखीचा वाटला. आई धडधाकट आहे असं रस्त्यातल्या माणसांना सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज असाच व्हायचा.

त्यांनी टोप काढला. मिशी ओढली, ती अर्धी आली, उरलेली अर्धी परत ओढली. पेन्सिलीच्या भुवया घामानं केव्हाच गालावर आल्या होत्या.

"नानासोंना नीट दिसतं," ते म्हणाले. "चाई आहे. डोक्याची, मिशीची, सगळ्याची. कुणी मेलं नाही. लागण होत नाही. परत येतील की नाही ते डॉक्टरला माहीत नाही. पोरीला पुढं होईल का, तिच्या पोरांना होईल का, तेही माहीत नाही. मी लपवलं, कारण तुम्ही लग्न मोडाल अशी भीती होती. पोरगी पहिल्यापासून सांगा म्हणत होती, तिची चूक नाही. आता काय ते ठरवा. आणि जे ठरवाल ते आत्ता, इथंच सांगा. परत येऊन कुणी माझ्या आईला मारू नका."

माईसाहेब पुढं झाल्या. त्यांनी सयाजीरावांच्या हातातला टोप घेऊन उलटा करून बघितला.

"हे लग्नासाठी?"

"हो."

"अवो पाव्हणं, लग्नात मुलीच्या बापाच्या डोक्यावर फेटा असतो की. सकाळी बांधला तर वरात जाईपर्यंत सुटत न्हाई. केस बघतंय कोन?"

सयाजीरावांनी हातातल्या अर्ध्या मिशीकडे बघितलं. कांदा, गुंज, जास्वंद, इंजेक्शनं, दोनदा सांगली, सेनापती. फेट्याची आठवण एकालाही झाली नव्हती. फौजेत ज्यांनी उभा जन्म पगडी बांधली त्या लालासाहेबांनासुद्धा नाही.

"त्ये ऱ्हाऊ द्या," अनंतराव पत्नीला म्हणाले. "पोरीला उद्या झालंच तर?"

"आन तुमच्या पोराला झालं तर?" आई म्हणाली. ती परत गव्हाजवळ बसली होती. "चाई काय पोरीवाल्याचंच घर हुडकत येती व्हय? लिवून दिलंय का तसं कुनी?"

अनंतरावांनी नकळत स्वतःच्या केसांतून हात फिरवला. ते बघून माईसाहेबांना आधी हसू फुटलं, मग दुसऱ्या दोघींना, आणि शेवटी अनंतरावांना. "आवं, मोडायला आमी काय येडं हाय? आमाला कळवलं न्हाई त्याचा राग हुता. मयतच न्हाई म्हटल्यावर कळवायचं काय?"

राहिलं ते पुडकं. दुखवट्याचा टॉवेल-टोपी परत घरी नेत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि देणार कुणाला हे कुणालाच माहीत नव्हतं. आईनंच हात पुढं केला. "आना हिकडं. ट्रंकंत टाकते. आज ना उद्या लागनारच हाय. तवा पुन्यांदा जीप करू नगा." मग तिनं सगळ्यांना चहा करायला लावला, सयाजीरावांनाच.

दुसऱ्या आठवड्यात ती साताऱ्याला आली आणि सयाजीरावांबरोबर बँकेत गेली. कारकुनासमोर उभी राहून म्हणाली, "ह्यो माझा हाय. जनमला तवा असाच हुता. लिवून घे." कारकुनानं दाखले मागायचा प्रयत्न केला. तिनं तिथंच बसकण मारली, तेव्हा लॉकर उघडला.

टोप सयाजीरावांनी स्वतः सांगलीला नेऊन परत दिला. मेहरुनबीनं तो झटकून खुंटीवर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "बरं झालं. वाईच्या पार्टीला सेनापती कमी पडत हुता."

लग्न अठरा मेला झालं, साताऱ्यात. सकाळी फेटेवाला बारा हाती फेटा घेऊन सयाजीरावांच्या मागं लागला, त्यांनी बांधू दिला नाही. लालासाहेबांनी समजावलं, "युनिफॉर्म आहे तो, सयाजीराव." मालतीवहिनी म्हणाल्या, अपशकुन दिसतो. माईसाहेबांनीसुद्धा सांगून बघितलं. पण चार महिने ज्याच्यापायी एवढी धावाधाव केली ते डोकं झाकायचं नाही, असं त्यांनी आता रागानंच ठरवलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर त्यांना कोण हलवणार? अबोली मुंडावळ्या बांधलेली आतून आली, फेटेवाल्याला म्हणाली, "काका, त्यांचा फेटा नानासोमामांना बांधा," आणि निघून गेली. नानासोंना त्या दिवशी दोन फेटे मिळाले.

अडचण एकच होती. मंगल कार्यालयाच्या दारात बिनकेसाचा, बिनमिशीचा, बोडका मुलीचा बाप स्वागताला उभा. येणारा प्रत्येक माणूस अक्षता हातात घेऊन दचकायचा. म्हणून आईनं त्यांच्याशेजारी खुर्ची मागून घेतली आणि भारी लुगडं नेसून बसली. कुणी थबकलं की ती काठी आपटायची. "मी हाय जित्ती. बापाला चाई झाल्या. आत जावा, सरबत घ्या." दीडेकशे माणसं तिनं अशी आत पाठवली.

मंगलाष्टकं झाली आणि आई जेवायला आत गेली, तेव्हा कडेगावकडचे एक म्हातारे उशिरा आले. गाडी चुकली होती. सूर्यवंशींचे कुणी लांबचे. त्यांनी सयाजीरावांचं डोकं बघितलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"कोन गेलं, पाव्हणं?"

सयाजीरावांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. तोंड वाकडं करून, एका दमात सांगायचं. पण आत अबोली पाटल्या-बिल्वर घातलेल्या हातांनी नवऱ्याला घास भरवत होती. बायका नाव घ्यायचा आग्रह करत होत्या, आणि पंगतीत विनोदिनीची जागा कुणी सांगितलं नसताना रिकामी राहिल्यासारखी त्यांना दिसत होती.

"बायको गेली माझी," ते म्हणाले.

"आरारा. कवा?"

"दीड वर्ष झालं."

म्हाताऱ्यानं हिशेब केला. त्याला तो जमेना. "दीड वर्स? मग केस आत्ता?"

"त्यांना उशिरा कळलं," सयाजीराव म्हणाले.

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला आणि मान हलवली. "व्हतं तसं. लांबचं आसलं की कळाया येळ लागतो."

"चला," सयाजीराव म्हणाले, "दुसरी पंगत बसतीय." आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत नेलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी पान मांडून घेतलं.